भिंत बुजवण्याआधी: एसीच्या पाइपांची गळती कशी तपासावी आणि इन्सुलेशन कसे करावे

स्प्लिट एसीचे तांब्याचे पाइप हल्ली नव्या घरात भिंतीला झिरी मारून आत घेतले जातात. वर गिलावा चढतो, पुट्टी आणि रंग होतो, आणि काही महिन्यांनी इनडोअर युनिट टांगायला माणूस येतो तेव्हा भिंतीतून डोकावणारी दोन टोके तेवढी दिसतात. आतल्या पाइपाला कुठे चीर गेली आहे का, एखादा सांधा अर्धवट आवळला गेला आहे का, हे कळायला त्या वेळी सोपा मार्ग उरलेला नसतो. आमच्या घरी नेमके हेच झाले. पहिल्या उन्हाळ्यात गॅस भरला, दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा भरला, आणि शेवटी रंगवलेली भिंत फोडली तेव्हा काळ्या इन्सुलेशनखाली, चिकटपट्टीच्या तीन वेढ्यांत, तेलाने माखलेला एक सांधा निघाला. सांधा कच्चा राहिला याचे मला तितकेसे वाईट वाटले नाही, कारण हाताने केलेल्या कामात चूक व्हायचीच. पण तो तपासण्याआधी झाकला गेला, हे मात्र टाळता आले असते.

म्हणूनच या कामात कौशल्याइतकाच क्रम महत्त्वाचा आहे. सरळ पाइपांवर इन्सुलेशनची नळी आधी चढवावी, सांधे मात्र उघडे ठेवावेत. नंतर नायट्रोजन भरून दाबाची चाचणी घ्यावी. पाइप त्या कसोटीला उतरले की सांधे झाकावेत. आणि भिंत सर्वांत शेवटी बुजवावी. नायट्रोजनचे सिलिंडर, जास्त दाब आणि ज्वलनशील गॅस यांच्याशी संबंध असल्याने प्रत्यक्ष काम प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करायचे आहे. तरीही पुढच्या पायऱ्या समजून घेऊन घरचे कोणी शेजारी उभे राहिले, तर एप्रिल-मेच्या धावपळीत जी कामे हमखास गाळली जातात ती गाळली जात नाहीत.

पाइप आणि सांधे

आपल्याकडचे फिटर पाइपाचा व्यास सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एक ते दीड टनाच्या घरगुती एसीला बारीक पाइप दोन सुतांचा, म्हणजे ६.३५ मिमीचा, आणि जाड पाइप तीन किंवा चार सुतांचा, म्हणजे ९.५२ किंवा १२.७ मिमीचा लागतो. दोन टनाच्या यंत्राला बहुधा पाच सुती, म्हणजे १५.८८ मिमीचा जाड पाइप येतो. नेमका व्यास यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच घ्यावा. पाइपाच्या जाडीसाठी बाजारात गेजचा आकडा सांगतात. २२ गेजचा पत्रा साधारण ०.७ मिमी, २० गेजचा ०.९ मिमी आणि १८ गेजचा १.२ मिमी जाड असतो. गेजचा आकडा वाढला की पाइप पातळ होतो, हे दुकानात बोलताना लक्षात ठेवावे. भिंतीत जाणाऱ्या पाइपासाठी २२ गेजवर पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

तांब्याच्या मऊ पाइपाची वेटोळी साधारण १५ मीटरची येतात आणि घरातील एका एसीला तेवढी लांबी बहुधा पुरते. त्यामुळे भिंतीच्या आत एकही सांधा येऊ देऊ नये. जो सांधा घ्यावाच लागेल तो ब्रेझिंगचा, म्हणजे ज्योतीने तापवून वितळलेल्या मिश्रधातूने जोडलेला, असावा. फ्लेअरचा सांधा, म्हणजे पाइपाचे तोंड कर्ण्यासारखे रुंदावून नटाने आवळलेला जोड, गिलाव्याखाली कधीही गाडू नये. ब्रेझिंग करताना पाइपातून नायट्रोजनची मंद धार चालू ठेवली नाही, तर तापलेल्या तांब्याच्या आतल्या बाजूला काळी खपली धरते. ती पुढे सुटून गाळणीत आणि केशनळीत, म्हणजे गॅसचा दाब पाडणाऱ्या बारीक नळीत, अडकते आणि एसी गार करत नाही म्हणून जी दुरुस्ती सुरू होते तिचे मूळ कोणाला सापडत नाही.

फ्लेअर करताना पाइप करवतीने न कापता पाइप कटरने कापावा, तोंड खाली धरून रीमरने आतली कड साफ करावी म्हणजे कीस पाइपात पडत नाही, आणि फ्लेअर करण्याआधी नट पाइपावर सरकवून ठेवावा. हे शेवटचे वाचून हसू येईल, पण अनुभवी माणूसही नट विसरतो आणि केलेले फ्लेअर कापून टाकतो. तयार झालेले तोंड सर्व बाजूंनी सारखे, गुळगुळीत आणि चिरांशिवाय दिसले पाहिजे. एका बाजूला तिरपे झालेले फ्लेअर जोर लावून आवळल्याने कधीही बसत नाही. फ्लेअरच्या पृष्ठभागावर त्या यंत्राला चालणाऱ्या रेफ्रिजरंट तेलाचा एखादा थेंब पुरतो. टेफ्लॉनची टेप किंवा कोणताही सीलंट येथे लावायचा नसतो, कारण सांधा बंद होतो तो तांबे पितळेवर दाबले गेल्याने, आट्यांमुळे नव्हे.

नट दोन पान्यांनी आवळावा आणि त्यातला एक टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकेच आवळता येणारा पाना, असावा. पुस्तिकांमध्ये दोन सुती नटासाठी साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन सुतीसाठी ३३ ते ४२, चार सुतीसाठी ४९ ते ६१ आणि पाच सुतीसाठी ६३ ते ७५ न्यूटन-मीटर असे आकडे येतात. यापेक्षा कमी जोराने गळती होते, हे सर्वांना माहीत असते. जास्त जोराने फ्लेअरची कड चेपून पातळ होते किंवा नटाला बारीक चीर जाते आणि ती गळती महिन्यांनी उघडी पडते, हे मात्र दांडगाईने पाना फिरवणाऱ्याला पटवून द्यावे लागते.

नायट्रोजनची चाचणी

चाचणी कोरड्या नायट्रोजननेच घ्यावी. ऑक्सिजन कधीही वापरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल यांची गाठ पडली की स्फोट होतो. साध्या कॉम्प्रेसरची हवा वापरली तर तिच्यातील बाष्प पाइपात शिरते. राहिला प्रश्न एसीच्याच गॅसचा. आउटडोअर युनिटचा व्हॉल्व्ह थोडा उघडायचा, आतला गॅस पाइपात सोडायचा आणि साबण लावून पाहायचे, ही सर्वत्र चालणारी पद्धत झटपट आहे आणि चुकीचीही आहे. गळती सापडली तर तो गॅस वाया जातो, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे त्या दिवसाच्या तापमानाला गॅसचा जो दाब असेल त्यापेक्षा जास्त दाबाला सांधे पारखलेच जात नाहीत. आर-३२ हा एसीतला गॅस ३० अंश सेल्सिअसला सुमारे २६५ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाब धरतो, तर ४५ अंशांना तोच दाब ३९० पीएसआयच्या आसपास जातो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात कुलूप लावून ठेवलेल्या तापलेल्या घरात एसी बंद असतानाही पाइपांना यातला बराचसा दाब सोसावा लागतो. डिसेंबरमध्ये २० अंशांना गॅसने ‘पास’ झालेला सांधा मेमध्ये का फुटला, याचे आश्चर्य वाटायला नको.

चाचणीचा अंतिम दाब किती असावा, हे यंत्राच्या पुस्तिकेवरून आणि युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या कमाल दाबावरून ठरवावे. आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसांवरच्या मोठ्या, अनेक इनडोअर असलेल्या यंत्रणांसाठी अनेक उत्पादक ४.१५ मेगापास्कल, म्हणजे सुमारे ६०० पीएसआय सांगतात. घरगुती स्प्लिटच्या पाइपांसाठी पुस्तिका परवानगी देत असेल तेथे ४०० ते ५०० पीएसआयवर चाचणी घेतली जाते. आर-२२ या जुन्या गॅसच्या काळातले गेज, म्हणजे दाब दाखवणारे मापक, आणि होज, म्हणजे जोडनळ्या, या दाबाला योग्य नसतात, म्हणून कामाला आलेल्या माणसाच्या पेटीतील होजवर छापलेला दाब आधी वाचावा. भरलेल्या नायट्रोजन सिलिंडरमध्ये १५० बारच्या घरात, म्हणजे दोन हजार पीएसआयहून अधिक दाब असतो. रेग्युलेटर न लावता तो पाइपाला जोडणे हा जिवाशी खेळ आहे. रेग्युलेटर आणला नसेल तर काम त्या दिवशी थांबवावे. सिलिंडर उभे आणि साखळीने किंवा दोराने बांधलेले असावे.

दोन्ही युनिटे बसलेली असतील तर आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंदच ठेवावेत. जाड पाइपाच्या व्हॉल्व्हवर जो सर्व्हिस पोर्ट, म्हणजे गेज आणि होज जोडण्याचे तोंड, असतो, तो व्हॉल्व्ह बंद असताना पाइपांच्या आणि इनडोअर कॉइलच्या बाजूला उघडतो, त्यामुळे तेथून नायट्रोजन सोडल्यास कॉम्प्रेसरला आणि आत भरलेल्या गॅसला धक्का न लागता बाकी सर्व भाग तपासला जातो. युनिटे अजून आलेली नसतील आणि केवळ पाइप टाकले असतील, तर एका बाजूची दोन्ही टोके इंग्रजी यू आकाराच्या तुकड्याने एकमेकांना जोडावीत, दुसऱ्या बाजूच्या एका टोकाला टोपण बसवावे आणि उरलेल्या टोकाला गेजसह भरण्याचा व्हॉल्व्ह लावावा. अशाने दोन्ही पाइप एकाच वेळी तपासले जातात.

दाब एकदम न चढवता तीन टप्प्यांत चढवावा. पहिला टप्पा ५० ते ७० पीएसआयचा. येथे चार-पाच मिनिटे थांबून नुसते ऐकावे. पंखे आणि ड्रिल बंद असतील तर मोठी गळती फुसफुस आवाजाने स्वतःच बोलते. दुसरा टप्पा सुमारे २२० पीएसआयचा. त्यावर पुन्हा पाच मिनिटे थांबावे आणि प्रत्येक सांध्यावर फेसाचे द्रावण लावावे. तिसरा टप्पा अंतिम दाबाचा. तेथे पोहोचल्यावर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून होज काढून टाकावी, म्हणजे होजच्या जोडातली गळती पाइपाच्या नावावर लागत नाही. भरताना दाबला गेलेला वायू किंचित तापतो आणि नंतर निवतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत आणि मगच दाब, वेळ आणि त्या वेळचे तापमान असे तीनही आकडे लिहावेत. मी ते खडूने भिंतीवरच, झिरीच्या शेजारी लिहून घेतो. कागद हरवतो, भिंत हरवत नाही.

फेसाच्या द्रावणाबद्दल थोडे सांगायला हवे. भांडी घासण्याचा साबण पाण्यात घोळून लावण्याची सवय सार्वत्रिक आहे, पण काही उत्पादक ती स्पष्टपणे नाकारतात, कारण साबणातील अमोनिया आणि क्षार पितळी नटाला आणि फ्लेअरला कालांतराने खातात आणि नटाला चीर जाऊ शकते. गळती तपासण्याचे तयार फवारे मिळतात, ते वापरावेत. नाइलाजाने साबण लावलाच तर काम होताच सांधा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून कोरडा करावा. द्रावण सांध्याला सर्व बाजूंनी, विशेषतः नट आणि पाइप यांच्या मधल्या फटीत लावावे. मोठ्या गळतीचे बुडबुडे लगेच फुगतात, बारीक गळतीला मात्र दोन-तीन मिनिटांनी मोहरीएवढ्या कणांचा पांढरा फेस धरतो. मागची बाजू दिसत नसेल तर लहान आरसा आणि मोबाइलची बत्ती घ्यावी. इनडोअर युनिटच्या पाठीमागचे दोन सांधे, आउटडोअरवरचे दोन सांधे, सर्व्हिस पोर्टची सुई आणि व्हॉल्व्हची टोपणे, ब्रेझिंगचे सर्व जोड आणि वळणावर पाइप मुडपला गेला असेल ती जागा, एवढी ठिकाणे चुकवू नयेत. गळती सापडली तर दाब पूर्ण उतरवल्याशिवाय नटाला पाना लावू नये. नायट्रोजन विषारी नाही, पण बंद खोलीत तो ऑक्सिजनची जागा घेतो, म्हणून सोडताना खिडकी उघडी असावी.

आता वाट पाहण्याचा भाग. उघड्यावरून जाणाऱ्या चार-पाच मीटरच्या पाइपासाठी किमान तासभर थांबावे, भिंतीत जाणाऱ्या पाइपासाठी पूर्ण २४ तास. घरगुती पाइपांच्या आतली जागा फार थोडी असते. चार सुती आणि दोन सुती असे पाच-पाच मीटर पाइप धरले तरी ती लिटरभरही भरत नाही. त्यामुळे बारीक गळतीही गेजवर लवकर दिसते, आणि ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे. मात्र दाब तापमानाबरोबर बदलतो, हे विसरून चालत नाही. दुपारी ३२ अंशांना ४०० पीएसआयवर ठेवलेला दाब दुसऱ्या सकाळी २४ अंशांना, एक थेंबही गळती नसताना, ३८९ पीएसआयच्या आसपास दिसेल. हिशेब सोपा आहे: गेजच्या आकड्यात वातावरणाचे १५ मिळवावेत, तापमानात २७३ मिळवावेत, आणि पहिल्या बेरजेला नव्या व जुन्या तापमानाच्या गुणोत्तराने गुणून पुन्हा १५ वजा करावेत. ढोबळ मानाने या दाबाला एका अंशामागे सव्वा ते दीड पीएसआय फरक पडतो. हिशेबाने यायला हवा त्यापेक्षा दाब कमी भरला तर पाइप गळतो आहे. ‘थंडीने उतरला असेल’ या शब्दांवर विश्वास न ठेवता आकडे मांडून पाहावेत.

गळती शोधायला ज्योत वापरण्याची जुनी रीत अजून कोठे कोठे दिसते. आर-२२ मध्ये क्लोरीन होते, त्यामुळे हॅलाइड टॉर्चची ज्योत हिरवी होत असे. आर-३२ मध्ये क्लोरीन नाही, म्हणून ज्योत काहीच सांगत नाही. उलट हा गॅस मंद का होईना पेट घेतो, आणि काही एसींमध्ये येणारा आर-२९०, म्हणजे प्रोपेन, तर सहज पेटतो. काडी, लायटर किंवा टॉर्च येथे निषिद्ध समजावी. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर चालतो, पण तो त्या गॅससाठी बनवलेला असावा. नायट्रोजन त्याला कळत नाही, वाऱ्यात तो चुकतो, आणि आर-३२ हवेपेक्षा जड असल्याने त्याचे टोक सांध्याच्या खालच्या बाजूने फिरवावे लागते.

गिलावा होईपर्यंत

चाचणी उतरली की सगळा नायट्रोजन सोडून देण्याची घाई करू नये. शंभर ते दीडशे पीएसआय दाब पाइपात तसाच ठेवून, टोकाला गेज लावून, गवंडी आणि फॉल्स सीलिंगवाल्यांना काम करू द्यावे. पाइपातून स्क्रू गेला, छिन्नी लागली किंवा खिळा घुसला तर गेज शून्यावर येईल आणि अपराध त्याच दिवशी, जागेवर, उघड होईल. पाइप ज्या रेषेने गेले आहेत तिचे फोटो मोजपट्टी शेजारी धरून काढून ठेवावेत. दोन वर्षांनी चित्र टांगायला भोक पाडताना ते उपयोगी पडतात. टोके उघडी टाकून त्यांना नुसती चिकटपट्टी गुंडाळणे पुरेसे नसते. त्यातून सिमेंटची धूळ, पाणी आणि मुंग्या आत जातात, आणि आर-३२ बरोबर वापरले जाणारे तेल ओलावा फार लवकर शोषून घेते.

व्हॅक्यूम

युनिटे जोडल्यावर आणि त्यांच्या चार सांध्यांची नायट्रोजनने पुन्हा चाचणी झाल्यावर पाइपांतली हवा आणि ओल काढण्यासाठी व्हॅक्यूम पंप लावतात. ‘थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतो’ असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नकार द्यावा. पंप किती मिनिटे चालला यापेक्षा तो किती खोल गेला हे महत्त्वाचे असते. लक्ष्य ५०० मायक्रॉनचे, म्हणजे पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरचे ठेवावे; ३० अंशांवरचे पाणी सुमारे ३२ मिलिमीटरलाच उकळू लागते, त्यामुळे या खोलीवर पाइपातली ओल वाफ होऊन निघून जाते.

हे मोजायला मायक्रॉन गेज हवे. मॅनिफोल्डच्या, म्हणजे फिटरकडच्या गेजांच्या संचाच्या, निळ्या गेजवरची काटा ३० इंचांना टेकल्याची खूण पुरेशी नाही, आणि पुण्यात तर तो काटा तेथे टेकतच नाही. ते गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून आकडा दाखवते, आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरच्या पुण्यात हवेचा दाबच सुमारे २८ इंच असतो, त्यामुळे परिपूर्ण निर्वातातही काटा २८ च्या पुढे जाणार नाही. महाबळेश्वरला तो आणखी दोन-अडीच इंच आधीच थांबेल. अशा ठिकाणी चांगल्या पंपावर संशय घेण्याआधी गेज बदलावे.

५०० मायक्रॉन गाठल्यावर पंप व्हॉल्व्हने अलग करून दहा मिनिटे पाहावे. आकडा थोडा चढून एका जागी स्थिरावला तर आत ओल शिल्लक आहे आणि पंप पुन्हा चालवावा. तो न थांबता चढतच राहिला तर कोठेतरी गळती आहे. नंतर बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह पाव फेरा उघडून काही सेकंदांत बंद करावा, खऱ्या गॅसवर चारही सांधे एकदा तपासावेत, आणि मगच दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडावेत. टोपणेही आवळून बसवावीत. गळती अडवण्यात त्यांचाही वाटा असतो.

इन्सुलेशन

पहिला गैरसमज दूर करू. बारीक पाइप ‘गरम लाइन’ आहे, त्याला इन्सुलेशन नको, असे अजून सांगितले जाते. बहुतेक घरगुती स्प्लिट एसींत गॅसचा दाब पाडणारी केशनळी किंवा इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह आउटडोअर युनिटमध्येच असतो, त्यामुळे बाहेरून आत येणारा बारीक पाइपही थंडगार असतो आणि त्यालाही घाम येतो. दोन्ही पाइपांना वेगवेगळी नळी हवी. दोघांना एकत्र गुंडाळून वर एकच थर देणे म्हणजे परत येणाऱ्या गॅसची उष्णता आत जाणाऱ्या गॅसला देणे होय.

साहित्य म्हणून बंद छिद्रांचे काळे नायट्राइल रबर घरगुती कामाला चांगले. पाइपांच्या गुंडाळीबरोबर स्वस्तात मिळणाऱ्या पांढऱ्या पातळ फोमचा उघड्या उन्हात काही वर्षांत चुरा होतो. जाडी ९, १३ आणि १९ मिमी अशी मिळते, आणि येथे गावाप्रमाणे निर्णय बदलतो. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, म्हणजे मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीची जूनमधली संध्याकाळ, तर दवबिंदू सुमारे २८ अंश असतो; २८ पेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी जमणार. अशा हवेत ७ अंशांच्या चार सुती पाइपावर ९ मिमीची नळी चढवली तर माझ्या ढोबळ हिशेबाने तिचा बाहेरचा पृष्ठभाग २६ अंशांच्या आसपास राहतो आणि ठिबकतो. १३ मिमीचा अगदी काठावर येतो. १९ मिमीचा २९ च्या घरात राहून कोरडा राहतो. याउलट ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या दुपारी दवबिंदू ११ अंशांवर असतो आणि ९ मिमीही घाम येऊ देत नाही. तरीही पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात पावसाळा येतोच, म्हणून १३ मिमीच्या खाली जाऊ नये. किनारपट्टीवर १९ मिमी घ्यावी. फॉल्स सीलिंगच्या वर हवा साचलेली असते, तेथे नळीचा पृष्ठभाग वारा लागणाऱ्या जागेपेक्षा अधिक थंड राहतो, म्हणून छतावर पिवळे डाग पडायचे नसतील तर तेथेही जाडीत काटकसर करू नये.

नळी शक्यतो न चिरता, फ्लेअर करण्याआधी, पाइपाच्या टोकाकडून सरकवावी. त्या वेळी पाइपाच्या तोंडाला टोपण हवे, नाहीतर रबराची पूड आत जाते. नळी ताणून बसवू नये. ताणलेले रबर काही महिन्यांत आखडते आणि दोन तुकड्यांच्या मध्ये बोटभर फट उघडी पडते. उलट प्रत्येक तुकडा थोडा जास्त लांब कापून एकमेकांवर दाबून बसवावा. तुकड्यांच्या तोंडांना नायट्राइलसाठीचा गोंद दोन्ही बाजूंनी लावून, तो बोटाला चिकटेनासा झाला की दाबावा. नळी चिरावी लागलीच तर चीर वरच्या बाजूला ठेवावी आणि गोंदाने पूर्ण बंद करावी. नुसत्या टेपने बंद केलेली चीर दमट हवेला आत घेते, आणि पाणी मग इन्सुलेशनच्या आत, तांब्यावर जमते, जे बाहेरून दिसतही नाही.

चाचणी उतरल्यानंतर सांध्यांची पाळी येते. नट कोरडा पुसून, त्याच जाडीच्या नळीचा मोठ्या व्यासाचा तुकडा त्यावर असा बसवावा की तो दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर थोडा चढेल. वर नायट्राइलची चिकटपट्टी अर्धी अर्धी चढवत गुंडाळावी. इनडोअर युनिटच्या मागचा सांधा हाताला अवघड असतो आणि म्हणूनच तेथे घाई होते. भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याचा दोष अनेकदा ड्रेन पाइपाला दिला जातो, आणि ते येत असते याच न झाकलेल्या नटावरून.

दोन्ही पाइप, वायर आणि ड्रेन यांचा जुडगा बांधताना ड्रेन सर्वांत खाली ठेवावा आणि त्याला सलग उतार द्यावा. बाहेरच्या भागात वरची टेप खालून वर गुंडाळत जावी, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर कौलासारखा चढतो आणि पावसाचे पाणी बाहेरच्या बाहेर निथळते. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढा पाण्यासाठी खिसा होतो. टेप खेचून आवळू नये, कारण १३ मिमीचे रबर चेपून सात मिमी झाले की वर केलेला सगळा हिशेब वाया जातो. हाच नियम क्लॅम्पला: तो रबरात रुतता कामा नये, त्याखाली रुंद पट्टी किंवा कडक नळीचा तुकडा द्यावा. उन्हात येणाऱ्या भागावर पीव्हीसीची ट्रंकिंग, ॲल्युमिनियमचे आवरण किंवा अतिनील किरण अडवणारा रंग हवा, कारण नायट्राइलला ऊन सोसत नाही. मुंबईत कबुतरे आणि उंदीर उघडे रबर कुरतडतात, त्यामुळे तेथे ट्रंकिंगचा खर्च दुहेरी कामाला येतो.

भिंतीतले भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडावे, त्यात प्लास्टिकची बाही घालावी आणि इन्सुलेशन बाहीच्या आत अखंड न्यावे. भिंतीच्या जाडीपुरते ते कापण्याची खोड फार जणांना असते. उरलेली फट पुट्टीने दोन्ही बाजूंनी बुजवावी. आउटडोअरकडे जाताना पाइपांना भोकाच्या पातळीखाली एक झोल द्यावा, म्हणजे कोकणातला आडवा पाऊस पाइपावरून चालत घरात न येता झोलाच्या तळाशी ठिबकेल. एसी सुरू करून तासभर पूर्ण थंडाव्यावर चालवावा, आणि मग इनडोअरच्या मागून आउटडोअरच्या व्हॉल्व्हपर्यंत सगळ्या जुडग्यावरून कोरडा हात फिरवावा; जेथे हाताला गार किंवा ओले लागेल तेवढा भाग, फिटर घरात असतानाच, उघडून पुन्हा झाकून घ्यावा.